एक्केचाळिसाव्या खांबावरची तार

जुन्या रशियन दिनदर्शिकेप्रमाणे दिनांक १० एप्रिल १९१५, शुक्रवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. वेलीश्क गावाभोवतीचे चौसष्टही खांब उभे होते. मात्र एक्केचाळीस आणि बेचाळीस या क्रमांकांच्या खांबांमधली तार तुटलेली होती. तोफखान्याची गवताने भरलेली एक उंच गाडी गिरणीच्या वळणावरून गेली, तिच्या भाऱ्यात तार अडकली, आणि गाडीवानाने मागे वळूनही पाहिले नाही. आघाडी चाळीस मैलांवर आली होती. सैन्य माघार घेत होते आणि माघार घेणाऱ्या सैन्याला मागे वळून पाहण्याची सवय नसते.

आमच्या यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, घराबाहेर कोणतीही वस्तू नेता येत नाही. कडेवर मूल नाही, प्रार्थनेचे पुस्तक नाही, खिशात किल्लीसुद्धा नाही. घराच्या आत मात्र मुभा असते. म्हणून गावाभोवती खांब रोवून त्यांच्या माथ्यांवरून तार नेतात. दोन खांब म्हणजे दाराच्या दोन बाजू आणि वरची तार म्हणजे चौकटीचा माथा. अशा दारांनी वेढलेले गाव एकच घर मानले जाते. या वेढ्याला एरुव म्हणतात. तो एका जागी तुटला, तर सगळाच रद्द होतो.

आमच्या गावचा एरुव झुंडल नावाचे गृहस्थ सांभाळत; आदराने सगळे त्यांना रेब झुंडल म्हणत. वय सहासष्ट, धंदा पिंपे बनवण्याचा. एकतीस वर्षे, दर शुक्रवारी दुपारी, खांद्यावर शिडी आणि कमरेला पक्कड अडकवून ते गावाभोवती फेरी मारत. मी रीगाच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन परतलो आणि गावच्या पीठगिरणीत यंत्रांवर लागलो, तेव्हा हौसेने त्यांच्या खांबांवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातले होते. ते क्रमांक त्यांना मुळीच आवडले नव्हते.

त्या दिवशी ते गिरणीच्या दारात येऊन उभे राहिले.

"गेर्शोन, आहेस का रे? का भाजून निघालास त्या भट्टीत?"

"आहे, रेब झुंडल. या. खांब कलला वाटतं पुन्हा?"

"खांब नाही, तार. तुझ्या त्या एक्केचाळीस नंबरापाशी. इतकी वर्षं मी त्याला शिंपिणीच्या घरामागचा म्हणत होतो, तेव्हा कधी तुटली नाही. तू नंबर घातलास आणि तुटली."

"मग आता?"

"आता तार दे. माझी संपली. लोहाराकडे गेलो, तर तो म्हणतो खिळा देईन, घोड्याची नाल देईन, स्वतःची बायको देईन, पण तार मागू नका."

लोहाराचे म्हणणे योग्य होते. मंगळवारी चौकात लष्कराची नोटीस लागली होती: टेलिफोनची यंत्रे, तार आणि कबुतरे ठाण्यावर जमा करावीत, तारांना हात लावणाऱ्यावर लष्कराच्या मैदानी न्यायालयात खटला चालेल. गावचे धर्मगुरू रब्बी नाफ्तोली यांनी मंगळवारीच निरोप धाडला होता की तार तुटली तर तुटू द्यावी, प्रार्थनागृहाचा सेवक घरोघर फिरून त्या शब्बाथला एरुव नसल्याचे सांगेल.

मी रेब झुंडलना तेच सांगितले.

"सेवक!" ते म्हणाले. "त्याचा एक गुडघा धरलेला, आणि दुसरा पहिल्याची वाट बघतो. नदीकाठच्या तीस घरांपर्यंत तो पोचेल तोवर शब्बाथच्या मेणबत्त्या लागलेल्या असतील. उद्या सकाळी एखादी बाई तान्ह्याला कडेवर घेऊन प्रार्थनेला निघेल. तिला काही ठाऊकच नसेल. मग पाप कोणाचं?"

"अजाणता केलेलं पाप हलकं असतं म्हणतात."

"तिचं हलकं. पण मला ठाऊक होतं ना? माझं जड."

"नोटीस वाचलीत का तुम्ही?"

"मला रशियन वाचता येत नाही. माझ्यात जे दोन-चार चांगले गुण आहेत, त्यातला हा एक."

माझ्याकडे लोखंडी तार नव्हती. डायनॅमोसाठी ठेवलेली तांब्याची तार होती, रबराचा लेप असलेली आणि वर लाल सुताचे वेष्टण. मी साडेसहा मीटर मोजून कापली. ही चालेल का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "दोरी चालते, द्राक्षाची वेल चालते, मग तुझं हे लाल रेशीम का नाही चालणार? खांबाच्या माथ्यावरून गेलं म्हणजे झालं."

वेष्टण आणि रबर सोलून नुसते तांबे द्यावे, असे माझ्या मनात आले होते. त्याला वीस मिनिटे लागली असती. बाष्पकावर दाब चढलेला होता, सैन्याचे पीठ दळायचे होते, आणि सूर्यास्त सात वाजून वीस मिनिटांनी होता. मी ती वीस मिनिटे वाचवली.

सहा वाजून वीस मिनिटांनी, जोडणी पूर्ण करून शिडीवरून उतरत असताना, लष्कराच्या तारपथकातील पाच शिपायांनी त्यांना पकडले. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी, त्यांना घेऊन गेल्यावर, जोडलेली तार कापली आणि तो तुकडा पुरावा म्हणून गुंडाळून नेला. रेब झुंडलना बाजारातल्या आग विझवणाऱ्यांच्या कोठीत, बंबाशेजारी, कोंडले. आरोप होता तारेने शत्रूला बातम्या पोचवण्याचा. दोन दिवसांपूर्वी स्टेशनाजवळ आमच्याच सैन्याच्या तोफांवर विमानातून अचूक मारा झाला होता. ज्याअर्थी मारा अचूक झाला त्याअर्थी कोणीतरी कळवले असणार, आणि ज्याअर्थी गावाभोवती यहुद्यांची तार आहे त्याअर्थी त्यांनीच कळवले असणार, असा तो हिशेब होता.

शनिवारी सकाळी आठ वाजता मला बोलावणे आले. दुभाषा म्हणून, आणि तंत्र जाणणारा म्हणूनही. मैदानी न्यायालयाचे प्रमुख कप्तान झुबारेव शाळेच्या वर्गात, मास्तरांच्या टेबलाशी बसले होते. सौम्य आवाजाचा, नखे स्वच्छ ठेवणारा माणूस.

"तुम्ही रीगाचे ना? मी पीटर्सबर्गच्या अभियांत्रिकी संस्थेचा. दोन तंत्रज्ञ बोलले की गोष्टी लवकर संपतात. ही तार पाहा, मोजा, आणि दुपारी एकपर्यंत लेखी अहवाल आणा. तारेतून संदेश जाऊ शकतो की नाही, एवढंच मला हवंय."

"हुजूर, आज शब्बाथ आहे. आम्ही लिहीत नाही."

"मग तुमचा म्हातारा न लिहिताच लटकेल."

मी रब्बींकडे गेलो. माणसाचा जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावाच लागतो, हे ते मी तोंड उघडण्यापूर्वीच म्हणाले. "लिही. सुंदर अक्षरात लिही. आणि विचारलेल्यापेक्षा एक शब्द जास्त लिहू नकोस."

कोठीसमोर रेब झुंडलची मुलगी ब्राइना उभी होती. आम्ही एकाच गल्लीत वाढलेलो. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

"ब्राइना, काही खायला नाही आणलंस?"

"कशी आणू? एरुव तुटलाय."

"रब्बी म्हणाले, जिवाचा प्रश्न असला की..."

"मलाही म्हणाले. आणलं असतं तर बाबांनी खाल्लं असतं का? मी काल सूर्यास्तानंतर पाव घेऊन आले होते. बाबा भिंतीआडून ओरडले, परत घेऊन जा, आणि जाताना तुकडाही सांडू नकोस." तिने पहाऱ्याकडे मान वळवली. "मग मी तो इथेच शिपायाला देऊन टाकला. परत नेणं म्हणजे पुन्हा उचलणंच की."

पहाऱ्यावरच्या शिपायाने मला आत सोडले. रेब झुंडल बंबाच्या चाकावर बसले होते. पहिला प्रश्न त्यांनी असा केला:

"किती वाजता कापली रे?"

"सहा पस्तीस."

"नक्की? सूर्यास्तानंतर नाही?"

"सूर्यास्ताला पंचेचाळीस मिनिटं होती."

त्यांनी डोळे मिटले. शब्बाथ लागताना एरुव शाबूत असता आणि नंतर तुटला असता, तर शास्त्रात काही वाट निघू शकली असती. ती वाट ते रात्रभर शोधत बसले होते.

"म्हणजे आज कोणीतरी मूल उचललंच असणार," ते म्हणाले.

"रेब झुंडल, ते तुम्हाला फाशी द्यायचं म्हणतायत."

"ऐकलं. काल त्या लाल मिशीवाल्याने हाताने करून दाखवलं. रशियन येत नसलं तरी तेवढं कळतं."

"मी अहवाल लिहितोय. तारेतून काहीच जाऊ शकत नाही हे मी सिद्ध करीन."

"सिद्ध काय करायचंय? तीस वर्षं मी तिच्याखालून चाललोय. एकदाही कोणी बोललं नाही."

एका हवालदाराला बरोबर घेऊन मी संपूर्ण वेढा मोजला. एकूण परीघ दोन हजार तीनशे दहा मीटर. त्यातील तीनशे चाळीस मीटर तार नव्हतीच, नदीचा उभा काठ हीच भिंत मानलेली होती. दोनशे बारा मीटर कॅथलिक चर्चच्या बागेची भिंत होती. दोन ठिकाणी तारेऐवजी डांबर लावलेली दोरी होती. उरलेल्या तारेत एकोणीस सांधे होते, त्यांतील अकरा गंजून आतून सुटे झालेले. प्रवाह लाकडात उतरू नये म्हणून बसवतात तशी चिनी मातीची एकही वाटी खांबांवर नव्हती. तार ओल्या लाकडावर उघडी टेकलेली होती. तिला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता, कोठे बॅटरी नव्हती, प्रवाह पुरा करायला जमिनीत पत्रा पुरलेला नव्हता. विद्युतमापक मी नऊ ठिकाणी लावला. सुई जागची हलली नाही.

हवालदार स्वतः तारपथकातला होता. दोरीपाशी येऊन तो हसला. "यातून बातमी पाठवायची, तर मुंगीच्या पाठीवर चिठ्ठी बांधावी लागेल."

मला हायसे वाटले. पुरावा पूर्ण होता. एका जागी दोरी असली की प्रवाह खुंटतो, हे तंत्रनिकेतनात पहिल्या आठवड्यात शिकवतात. लाल सुताचा तुकडा कोठून आला, हे अहवालात लिहावे का, याचा मी विचार केला आणि लिहिले नाही. प्रश्न तारेतून संदेश जातो की नाही हा होता. तुकड्याच्या उगमाचा नव्हता. विचारलेल्यापेक्षा एक शब्द जास्त नाही, असे रब्बीही म्हणाले होते. अहवाल चार पानांचा झाला. मी त्यावर शब्बाथला, दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी, सही केली.

न्यायालय दोन वाजता भरले. झुबारेव मध्ये, दोन्ही बाजूंना एकेक लेफ्टनंट; त्यांतल्या एकाला सारखी जांभई येत होती. रेब झुंडल फळ्याखाली उभे. फळ्यावर मुलांनी सोडवलेला भागाकार तसाच होता.

झुबारेव यांनी चारही पाने सावकाश वाचली. दोऱ्यांच्या जागी ते थांबले, हवालदाराकडे पाहिले. हवालदाराने मान हलवली.

"उत्तम काम आहे," ते मला म्हणाले. "हा टेलिफोन नाही. हेरगिरीचा आरोप मी काढून टाकतो."

मी ते रेब झुंडलना सांगितले. ते म्हणाले, "मग घरी जाऊ दे म्हणावं. भूक लागली आहे."

झुबारेव यांनी टेबलावरचा लाल तुकडा उचलला आणि बोटांत दुमडला.

"बाकी सगळी जुनी लोखंडी तार. हा तुकडा मात्र नवा, तांब्याचा, रबर लावलेला. विचारा त्याला, कुठून आणला?"

मी विचारले. आमच्या भाषेत, जशास तसे.

रेब झुंडलनी माझ्याकडे पाहिले नाही. खिडकीकडे पाहत ते यिद्दिशमध्ये म्हणाले, "तुझं नाव घेतलंस तर बघ. गिरणीत डायनॅमो आहे, तुझ्याकडे ते सुईचं यंत्र आहे. तू अडकलास की सगळेच अडकले. रस्त्यात सापडली म्हणून सांग."

"काय म्हणतो?" झुबारेव यांनी विचारले.

माझा अंदाज असा होता की फार तर दंड होईल, फार तर महिनाभर कैद. मुख्य आरोप गेला होता. मी म्हणालो, "हुजूर, तो म्हणतो, रस्त्यात सापडली."

"कुठल्या रस्त्यात?"

मी पुन्हा विचारले. "तोफांच्या गाड्या गेल्या त्या," रेब झुंडल म्हणाले. कप्तानाला हे उत्तर सगळ्यात खरे वाटेल, असे त्यांना वाटले असावे. मी तेही भाषांतरित केले.

झुबारेव यांनी ते लिहून घेतले, वाळू टाकून शाई टिपली आणि माझी सही घेतली. मग बाजूच्या दोघांशी हळू आवाजात बोलले. फार वेळ लागला नाही.

"सैन्याच्या वाटेवर पडलेली रबरी तार सैन्याचीच. ती त्याने परत केली नाही, वापरली. युद्धक्षेत्रात लष्करी तारेची चोरी. नोटिशीतलं तिसरं कलम. शिक्षा फाशी. आरोपीला समजावून सांगा."

मी म्हणालो, "हुजूर, ती तार सैन्याची नाही. गिरणीची आहे. मी दिली."

जांभई देणारा लेफ्टनंट जागा झाला. झुबारेव यांनी लेखणी खाली ठेवली. ते रागावले नाहीत, आणि तेच मला आजवर विसरता आलेले नाही.

"नीट ऐका, मेकॅनिक. घटकेपूर्वी तुम्ही एक सांगितलंत आणि त्याखाली सही केलीत. आता दुसरं सांगताय. मी दुसरं लिहून घेतलं, तर ही चोरी राहत नाही. डायनॅमोवाला रबरी तार पुरवतो, म्हातारा ती लावतो, रब्बी त्याला पाठवतो. आणि ज्याने तार दिली त्यानेच तारेतून काही जात नाही म्हणून अहवाल लिहिला. मग त्या दोऱ्या मी पुरावा म्हणून धरणार नाही. त्या कालही बांधता आल्या असत्या. गिरणी, प्रार्थनागृह, सगळं गाव चौकशीत येईल आणि प्रकरण वरच्या कार्यालयात जाईल. मी धमकी देत नाही. कागद कसा चालतो ते सांगतोय. बदलू का निवेदन?"

रेब झुंडलना शब्द कळत नव्हते, पण 'मेकॅनिक' कळला होता.

"काय बोललास तू त्याला?"

"खरं ते सांगितलं."

"मूर्खा," ते अगदी मायेने म्हणाले. "मी आयुष्यात एकदा खोटं बोललो, तेही शब्बाथला. तेवढं तरी वाया घालवू नकोस. त्याला नाही म्हण."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून एक्केचाळीस मिनिटे झाली होती. माझ्या डोक्यात एका बाजूला एक माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला सगळे गाव. मी तो हिशेब मांडला. मला हिशेब मांडायलाच शिकवले होते.

"बदलू का?" झुबारेव यांनी पुन्हा विचारले.

"नाही, हुजूर."

नंतर मी शिक्षा समजावून सांगितली. रेब झुंडल "बरं" म्हणाले. मग म्हणाले, "शब्बाथ संपला की ब्राइनाला पाव आणायला सांग. आणि थोडा खारवलेला मासाही."

तारे दिसल्यावर तिने दोन्ही आणले. त्यांनी सगळे खाल्ले, असे शिपायाने सांगितले.

रविवार, १२ एप्रिल, सकाळी सहा वाजता बाजारातल्या गाडीतळावर शिक्षा अमलात आली. प्रेत संध्याकाळपर्यंत खाली उतरवू दिले नाही. आम्ही पुरून परत आलो, तेव्हा ब्राइना माझ्याशेजारून चालत होती.

"तो लाल तुकडा मी ओळखते," ती म्हणाली. "तुझ्या कपाटात खालच्या फळीवर वेटोळं असतं."

"हो."

"सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. मग त्याने विचारलं निवेदन बदलू का, आणि मी नाही म्हणालो. रेब झुंडलनीच तसं सांगितलं होतं."

"बाबांनी तुला लहानपणापासून शंभर गोष्टी सांगितल्या. दाढी ठेव, प्रार्थनेला ये, खांबांवर रंग फासू नकोस. एक तरी ऐकलीस?" तिचा आवाज चढला नव्हता. "हीच बरी ऐकलीस."

मी तिला माझा हिशेब सांगू लागलो: गिरणी, रब्बी, नदीकाठची घरे. ती ऐकण्यासाठी थांबली नाही. गावच्या वेशीपाशी सदतिसाव्या खांबाला टेकून तिने बुटातला खडा काढला आणि पुढे गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

एरुव पुन्हा उभारायचा नाही, असे रब्बींनी जाहीर केले. पुढच्या शब्बाथला बायका मुलांसह घरीच राहिल्या. किल्ल्या लोकांनी पट्ट्याला शिवून घेतल्या, म्हणजे किल्ली वस्तू न राहता वस्त्राचा भाग ठरते. तान्ह्यांच्या रडण्याचे आवाज बंद दारांतून येत, आणि प्रार्थनागृहात फक्त पुरुष व चालू शकणारी मुले असत. शिपायांनी खांब सरपणासाठी नेले. गिरणी चालू होती. लाल सुताचे वेटोळे मी बाष्पकाच्या भट्टीत टाकले. सूत लगेच जळले, रबराला वास आला, तांबे मागे उरले.

मला त्या दिवसांत एकच समाधान होते: चौकशी झाली नाही. गाव वाचले.

३ मे रोजी लष्कराचा हुकूम आला. जिल्ह्याच्या पश्चिम भागातील सर्व यहुद्यांनी, वय, आजार वा व्यवसाय न पाहता, अठ्ठेचाळीस तासांत गाव सोडावे. मी ठाण्यावर जाऊन लेखनिकाला विचारले की हे रेब झुंडलच्या खटल्यामुळे झाले का. त्याला कोणता खटला ते कळले नाही. त्याने हुकूम माझ्यासमोर धरला. तो छापील होता, ठिकठिकाणच्या गावांसाठी एकच, आणि त्यावर छापल्याची तारीख होती. ती पाहून मी लेखनिकाला पुन्हा विचारले की ही तारीख बरोबर आहे ना. तो म्हणाला, "छापखाना कधी चुकतो का?"

हुकूम ८ एप्रिलला छापला होता. रेब झुंडल गिरणीच्या दारात उभे राहिले त्याच्या दोन दिवस आधी.

मी निवेदनात बदल मागितला असता, तर चौकशी गावापर्यंत पोचायला निदान महिना लागला असता, आणि तोवर चौकशी करण्याजोगे गावात कोणी उरले नसते. माझ्या हिशेबात एका बाजूला मांडलेले गाव तेव्हाच कागदावरून पुसलेले होते. उरला होता फक्त एक माणूस, आणि तो वाचवता आला असता किंवा नसता, हे मला आता कोणत्याही मापकाने मोजता येणार नाही.

स्टेशनावर मालडब्यांपाशी नावे लिहायला साक्षर माणूस हवा होता. ते काम माझ्याकडे आले. ब्राइना अकराव्या डब्यात होती. तिने आपले नाव मला न सांगता शेजारणीकरवी सांगितले. डबे एकूण त्रेचाळीस. मी प्रत्येक डब्याची बेरीज दोनदा पडताळून पाहिली.

५ मे १९१५, दुपारी दोन वाजेपर्यंत वेलीश्कमधून बाहेर काढलेले यहुदी: एक हजार आठशे शहात्तर.